गोळ्यांची पाळी

आखाजी, म्हणजे आमची अक्षय्य तृतीया, होऊन आठवडा झाला असेल... सोनगीरला मागच्या अंगणात मी कपडे धूत होते आणि मला पाळी आली. दोन वर्षांनंतर! तेव्हा मी छत्तीसची होते.

ही नव्वद-ब्याण्णवच्या आसपासची गोष्ट. मी जळगावची, मास्तरांशी लग्न करून सोनगीरला आलेली. मूलबाळ नव्हतं... त्यात चौतिसाव्या वर्षीच पाळी गेली. ऐन थंडीत घामाने पोलकं भिजायचं, झोप उडाली होती आणि चिडचिड तर अशी, की हे शाळेतून घरी यायला घाबरायचे.

धुळ्याच्या डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या. म्हणाल्या, अंडाशयांनी काम थांबवलंय, मूल होणं आता शक्य नाही. पण हार्मोनच्या गोळ्या घ्याव्याच लागतील, नाहीतर या वयात हाडं ठिसूळ व्हायला लागतील... गोळ्यांनी दर महिन्याला रक्त जाईल, पण ती खरी पाळी नव्हे, हेही त्यांनी पुन्हा पुन्हा बजावलं.

परतताना एसटीतून उतरता उतरता हे एवढंच म्हणाले, "मायला एवढ्यात नको सांगू." माय म्हणजे माझ्या सासूबाई. घरात आम्ही सांगितलं, अशक्तपणाच्या गोळ्या आहेत.

आता आमच्याकडे तेव्हा रीत अशी, की पाळी आली की बाई मागच्या पडवीत बसणार. चुलीला हात नाही, देवाला नाही... म्हणजे तुमच्या शरीरात काय चाललंय, ते अख्ख्या भाऊबंदकीला न सांगता कळतं. दोन वर्षं मी पडवीत दिसले नव्हते, त्याचीही कुजबुज झालीच होती.

तर कपडे धूत होते त्या दिवशी मी पडवीत जाऊन बसले आणि माय लगबगीने आली. "वनी ना? देख, आते बठ्ठं बरं व्हई!" आली ना, आता सगळं बरं होईल, असं म्हणताना तिचे डोळे भरून आले होते. विटाळ इतका कडक पाळणारी बाई, पण माझं ताट तिने वर तूप वाढून आणलं... मी वरचं तूप बोटाने बाजूला सारत बसले.

पुढच्या महिन्यात गोळ्यांनी रंग दाखवले. उठल्याबरोबर मळमळ, छाती ठणकायची, पाय सुजायचे, अर्धं डोकं दुखायचं... बायांनो, मळमळ आणि सुजलेले पाय दिसले की सासूच्या मनात काय येतं, ते तुम्हाला सांगायला नको.

माय मला हंड्याला हात लावू देईना. "ऱ्हाऊ दे, मी लई येस," म्हणायची आणि दुखरे गुडघे घेऊन स्वतः नळावर जायची. मग गोळ्यांचं चक्र संपायचं, मी पुन्हा पडवीत. माय दोन दिवस हिरमुसलेली... आणि तिसऱ्या दिवशी परत तीच उमेद.

कितीदा वाटलं, गोळ्या उकिरड्यावर फेकून द्याव्यात. मळमळ एक वेळ सोसली असती, पण मायचा तो उजळलेला चेहरा मला सोसवत नव्हता. डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि ढसाढसा रडले... त्यांनी डोस कमी केला, गोळी रात्री जेवल्यावर घ्यायला सांगितली आणि म्हणाल्या, "शरीराला सरावायला दोन-तीन महिने द्या. मनात आलं म्हणून बंद करू नका."

आषाढ येईपर्यंत खरंच फरक पडला. मळमळ थांबली, सूज उतरली, रात्री डोळ्याला डोळा लागू लागला. किती दिवसांनी मला माझं अंग माझं वाटत होतं... आणि एका सकाळी मायने हळूच विचारलं, "आज मळमळत नही का तुले?"

इतक्या आशेने विचारलं होतं तिने! मला राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं... गोळ्या बंद की हे रक्तही बंद, आणि मूल कधीच नाही. मायने हातातला हंडा खाली ठेवला, पदराने तोंड पुसलं आणि शेळीला पाला टाकायला गेली.

नंतर तिने तो विषय काढला नाही. रागावली होती असंही नाही. फक्त हंडे पुन्हा मी आणायला लागले.

मग श्रावणातला कानबाईचा रविवार आला, आमच्या खानदेशातल्या देवीचा सण. रोटांसाठी, म्हणजे देवीच्या नैवेद्याच्या पोळ्यांसाठी, भाऊबंदकीतल्या सगळ्या बाया आमच्या घरी जमलेल्या... आणि नेमकं त्याच सकाळी मला रक्त गेलं. मी मुकाट्याने पडवीत जाऊन बसले.

थोड्या वेळाने माय दारात आली. "ऊठ. आंग धुई ले आनि रोटनी कनीक मळ." आतून चुलत सासूबाई ओरडल्या, "अक्का, ती तं बाहेर बठेल शे ना!"

माय वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तिनी पाळी कव्हयच गई. हाई गोळीनं रगत शे... त्याले कसाना इटाळ?"

मी आंघोळ करून आत गेले, परातीपाशी बसले. माय शेजारी बसून पिठात पाणी घालत होती.

मला आत घेण्यासाठी तिला चारचौघींत कबूल करावं लागलं होतं, की या घरात आता पाळणा हलणार नाही. ज्या आशेवर ती इतके दिवस पाणी भरत होती, ती तिने स्वतःच्या तोंडाने संपवली... मी पडवीत एकटी बसू नये म्हणून.

गोळ्या मी पुढे डॉक्टरांनी सांगितलं तितकी वर्षं घेतल्या, हाडं अजून धड आहेत. माय जाऊन खूप वर्षं झाली. तिच्याजवळ बसून हे कधी बोलता आलं नाही, म्हणून आज इथे लिहिते... माय, त्या दिवशी तू मला आत बोलावलंस, त्या हाकेवर मी आजवर जगले गं.