पत्रावळीवरचे आडवे हात

"वाढ! आरं वाढ की, हात कशाला आखडायलास? ह्या पाव्हण्याच्या पानात बुंदी टोपल्यानं पडती, पळीनं न्हाई!"

नवरदेवाचा मामा ओरडत होता. झरीच्या मांडवातला त्याचा आवाज पार जिंतूरच्या स्टँडवर ऐकू गेला असेल. पाव्हणा म्हणजे माझे वडील. खाण्यात त्यांचं नाव अख्ख्या जिल्ह्यात होतं. ते पंगतीला बसले की आचारी दुसरी कढई चढवायचा आणि आमच्या पालमची कुत्री उष्ट्याची आशा सोडून दुसऱ्या गावाला जायची. यातलं निम्मं मी वाढवलेलं आहे. उरलेलं निम्मंही पुष्कळ झालं.

पण पोळ्याच्या सुमारास अल्सरपायी परभणीला त्यांचं जठर अर्ध्याहून जास्त कापून काढलं होतं. डॉक्टरांनी मला समोर बसवून समजावलं. जठर म्हणजे येलदरीचं धरण. आलेलं अन्न साठवायचं, आंबट रसात घुसळून त्याची पेज करायची आणि खालच्या दारातून थोडी थोडी आतड्यात सोडायची. तिथले रस तिला आणखी बारीक फोडतात आणि आतड्याची मखमलीसारखी आतली बाजू ते शोषून रक्तात घालते.

"आता धरणही गेलं आणि दारही," ते म्हणाले. "गोड खाल्लं की धाडकन आतड्यात उतरणार. आतडं अंगातलं पाणी ओढून घेणार. छाती धडधडेल, घाम फुटेल, माणूस आडवा होईल. थोडं थोडं खायचं. गोड बंद."

गावात हे सांगताना मी आतडं पालमपासून गंगाखेडपर्यंत लांबवलं. झरीला मात्र कुणाला काही ठाऊक नव्हतं. नामांतराच्या बंदानंतर एसट्या नुकत्याच सुरू झाल्या होत्या. झरीला उतरता उतरता वडील म्हणाले, "आपरेशनचं मांडवात बोलू नको."

मामा स्वतःच टोपलं घेऊन जवळ आला तसे वडिलांनी पत्रावळीवर दोन्ही हात आडवे धरले. जन्मात पहिल्यांदा. पंगत एकदम हसली.

"आरारा! वाघ म्हातारा झाला की ओ!"

"मामा, पाव्हण्याला दूधभात कालवा!"

आमच्याकडं आडव्या हातांना कुणी नकार मानत नाही. हातांवरच वाढतात. मामानं टोपलं कलतं केलं, बुंदी बोटांतून घरंगळली. वडिलांनी हात काढून घेतले आणि खायला लागले. सगळी खाल्ली.

ओरडण्यात माझं तोंड जिल्ह्यात पहिलं. त्या दिवशी ते उघडलं नाही. मी कनातीचं एक भोक बघत बसलो. भीती वाटायला हवी होती. काहीच वाटलं नाही. मांडी घालून पायाला मुंग्या येतात, त्याच्या पुढचं ते बधिरपण, सगळ्या अंगभर.

वडील हात धुवायला उठले आणि मांडवाच्या खांबाला धरून खाली बसले. सदरा घामानं भिजला, ओठ पांढरे पडले. लिंबाखाली घोंगडीवर निजवलं. मामा तांब्या घेऊन धावत आला. मी त्यांच्याच उपरण्यानं वारा घालत राहिलो, कुणा दुसऱ्याच्या बापाला घालावा तसा.

बऱ्याच वेळानं ते उठून बसले. एसटीनं आम्ही पालमला परतलो.

दारात आईनं त्यांचं तोंड बघितलं.

"गोड खाल्लंव का?"

वडील चप्पल काढत होते.

"वरणात मीठ कमी होतं," ते म्हणाले.