कॅरमची पावडर

मानवत गावच्या धान्याच्या मोंढ्याजवळच्या त्या मिस्त्रीचं नाव मी कधी विचारलं नाही. वडील गेल्यावर त्यांचा जुना रेकॉर्ड प्लेअर घेऊन मी आणि आई त्याच्याकडे गेलो. भजन लावलं की मागं सारखी घरघर यायची.

त्यानं रेकॉर्ड ठेवायची थाळी उचलली, ती फिरवणारं रबरी चाक पॉलिश पेपरनं घासलं, स्पिरिटनं पुसलं. पेटीखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे सारले. मधूनमधून अंगठा बनियनला पुसायची त्याला सवय होती.

घरघर गेली. भजन खणखणीत वाजलं. मी खूश, आईचा चेहरा मात्र उतरला.

"गाणारा लय घाईत हाय," ती म्हणाली.

"चाक घसरायलं हुतं, मावशी, म्हणून गाणं रेंगाळायचं. आता बरोबर हाय."

"आमचे हे त्याच्यासंगं दमानंच म्हणायचे."

मिस्त्रीचा अंगठा बनियनवरच थांबला. मग त्यानं थाळी पुन्हा काढली, कोपऱ्यातल्या कॅरमवरची चिमूटभर पावडर त्या चाकाला लावली. स्वतः नीट केलेली वस्तू गिऱ्हाइकासाठी परत बिघडवणारा मिस्त्री मी तेवढाच पाहिला.

भजन संथ झालं. वडील जिथं दम घ्यायचे, तिथं दम घेत आई म्हणू लागली.