यादीतला अकरावा कागद

विद्यापीठातल्या मानवी हक्क विभागाच्या कार्यालयात मी काम करते, आणि यादी केल्याशिवाय मला काम सुचत नाही. आमच्याकडं एम.ए.ला पहिलं येणाऱ्याला पारितोषिक म्हणून दोन महिन्यांच्या इंटर्नशिपचा सगळा खर्च विद्यापीठाच्या एका निधीतून मिळतो. अर्जासोबत लागणाऱ्या अकरा कागदांची यादी मीच टाइप करून दारावर लावते. एक कागद कमी असला तरी अर्ज परत.

यंदा पहिली आलेली मुलगी कन्नड तालुक्यातल्या पिशोरची. तुरुंगातल्या बायकांना कायद्याची मदत करणाऱ्या पुण्याच्या एका संस्थेनं तिला घ्यायचं कबूल केलं होतं. शेवटच्या दिवशी दुपारी तीनला ती फाईल घेऊन आली. मी पेन्सिलीनं खुणा करत गेले. दहा कागद होते.

"पालकांचं संमतीपत्र?"

"पप्पा सही करंना गेलेत, मॅडम. म्हणतात, संभाजीनगरला शिकाया धाडलं तेवढं बास. पोरगी जेलात जाणार, त्याला मी सही करू का?"

मला हसू आलं. तिला आलं नाही.

"मग आईची आण."

"आई म्हणती, ते करतील तर मी करीन."

"पाचला अर्ज बंद होतात. तुझा नसला तर निधी दुसऱ्या नंबरला जाईल."

"व्हय, माहितीय." तिनं दारावरच्या यादीकडं बोट दाखवलं. "मॅडम, मी तेवीस वर्षांची हाय. ही सही कुठल्या नियमात हाय?"

मला राग आला. थांब, दाखवतेच, म्हणून मी निधीच्या परिपत्रकाची फाईल काढली. एकदा वाचलं, मग बोट ठेवून वाचलं. परिपत्रकात कागद दहाच होते.

मग आठवलं. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीचे वडील कार्यालयात येऊन ओरडले होते. आम्हाला न विचारता पोरीला दिल्लीला कसं धाडलं, म्हणून. दुसऱ्याच दिवशी मी यादीच्या तळाशी एक ओळ वाढवली होती, स्वतःच्या डोक्याला ताप नको म्हणून. नंतर दर वर्षी तीच यादी नव्यानं छापत आले. आलेल्या प्रत्येक अर्जाची माझ्याकडं नोंद आहे. दारावरची यादी वाचून मागं फिरलेल्यांची नाही.

मी विभागप्रमुखांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, ते संमतीपत्र नियमात नाही."

"मग कुणाचं आहे?"

"माझं."

सरांनी चष्मा काढला. "सज्ञान मुलांकडून बापाची सही मागतोय, आणि तीही आपल्या विभागात! मी रोज त्या दारातनं जातो की हो. विद्यापीठाचंच असेल म्हणून कधी विचारलं नाही."

बाहेर येऊन मी दारावरची अकरावी ओळ लाल पेनानं खोडली, तिच्या अर्जावर शिक्का मारला, पोच दिली. चार वाजून वीस मिनिटं झाली होती. "माझी चूक होती," मी म्हणाले. पोच फाईलमध्ये घालून ती निघाली. तिला कन्नडची गाडी धरायची होती.

निधी तिलाच मिळाला. ती पुण्याला गेली त्या दिवशी दुपारी कार्यालयातला फोन वाजला. तिचे वडील होते.

"आमच्या पोरीच्या कागदावर सही कुणाची घेतली?"

पूर्वीची मी असते तर फोन सरांकडं दिला असता. "तिची," मी म्हणाले. "तिचीच लागते."

पलीकडं कुठंतरी ट्रॅक्टर चालू होता.

"आता गेलीच हाय म्हणा," ते म्हणाले. "राहायची सोय कशी हाय तिथली? काही सांगून गेली नाय."

त्याचीही यादी माझ्याकडं तयार होती. वसतिगृहाचा पत्ता, वॉर्डनबाईंचा नंबर, जेवणाच्या वेळा, संस्थेतल्या ताईंचा नंबर. मी वाचायला लागले.

"ओ मॅडम, दमानं," ते म्हणाले. "लिहून घ्यायलोय."