उत्तरेकडचा पिवळा उजेड

मी धुळ्यात एका शाळेत चित्रकला शिकवते. नववीला त्या फ्रेंच चित्रकारांबद्दल सांगताना मला दरवर्षी नुसतं भरतं येतं. ते खोली सोडून उन्हात जाऊन बसले, एकच गवताची गंजी सकाळी रंगवली, संध्याकाळी रंगवली. सावली काळी नसते रे, निळी असते, जांभळी असते! उजेड पळतो, त्याला पळतानाच धरायचं! आणि बाई स्वतः? पंख्याखाली बसून मोबाइलमधल्या फोटोवरून निसर्गचित्रं काढणार. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

मागच्या मे महिन्यात ठरवलं, बस झालं. रंगांची पेटी उचलली आणि रावेरकडे मोठ्या काकांच्या वावरात गेले. त्यांना सगळे नाना म्हणतात, मीही. त्यांची केळीची बाग कापणीला आलेली, दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्याची गाडी येणार होती. नानांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. उन्हाकडे बघायचं नाही, अशी डॉक्टरांची ताकीद. तरी घरी थांबतील तर ते नाना कसले! काळा चष्मा लावून वावरातल्या झोपडीत खाटेवर पडून होते.

"पोरी," ते म्हणाले, "तू बाहेर बसतेच तं एक कर. सातपुड्याकडे आभाय पिवयं पडलं का मले हाक मार. वारं सुटाच्या आत मानसं घड उतरवून घेतीन, जेवढे निघतीन तेवढे."

"मारते," मी म्हटलं. चार मजूर निंबाखाली भाकरी खात होते. मी बांधावर कॅनव्हास मांडला.

थोड्या वेळाने उत्तरेकडे तो उजेड आला. अगं आई गं! केळीची पानं हिरवी राहिलीच नाहीत. कडा लिंबासारख्या पिवळ्या, पोटं जांभळी. शाळेत इतकी वर्षं ज्याच्याबद्दल बडबडत होते, ते समोर उभं होतं. मी भराभर रंग लावत सुटले.

मला कळलंच नाही, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. साफ खोटं. नाना म्हणाले ते हेच, हे मला पहिल्या क्षणी कळलं होतं. पण हाक मारली असती तर माणसं बागेत शिरली असती, पानं तोडली असती, समोरचं सगळं मोडलं असतं. पाच मिनिटं, मी मनाशी म्हटलं. मग आणखी पाच, मग आणखी.

मग वारं आलं आणि हाक मारायची गरजच उरली नाही. बघता बघता उभी बाग आडवी झाली, घड मातीत चेंगरले. नाना चष्मा सावरत दारात उभे होते.

"एकदम आलं, नाना," मी म्हणाले.

"तुह्या हातात काय व्हतं, पोरी," ते म्हणाले. उलट माझीच समजूत घातली त्यांनी. दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्याची गाडी रिकामीच परत गेली.

चित्र मी धुळ्याला आणलं. रंगात धूळ चिकटली होती. आजवरचं माझं सगळ्यात चांगलं चित्र, पण मी ते कपाटामागे, तोंड भिंतीकडे करून ठेवलं. दिवाळीनंतर नाना एका लग्नाला आले, ते आमच्याकडेच उतरले. "आता झकास दिसते मले. ते चित्र दाखव ना."

टाळाटाळ करून पाहिली, पण नानांपुढे कोणाचं चालतं? त्यांनी ते खिडकीशी नेलं, बराच वेळ पाहिलं. मग आभाळावर बोट ठेवलं.

"हे पिवयं वारं याच्या पाऊण तास आधीचं. मंग जांभयं व्हते. मंग वारं."

चांगल्या चित्रात उन्हाची वेळ कळते, हे मीच वर्गात सांगत आलेय. ते ओरडले असते, दोन शिव्या घातल्या असत्या, तर मी पायावर पडून मोकळी झाले असते.

"खरं काढलं तू," एवढंच म्हणाले आणि चित्र माझ्या हातात दिलं. मला माफी मागता आली नाही.

यंदा मे महिन्यात पुन्हा वावरात गेले. नव्या बागेला घड लागले होते. नानांनी खाट झोपडीबाहेर, सातपुड्याकडे तोंड करून टाकली होती.

"बस," ते म्हणाले. "तू चित्र काढ. आभायाकडे मी पाह्यतो."