सिद्धेश्वरच्या उतारावर गाडी झोपली

दोस्तांनो, आज थोडक्यात वाचलो.

माझी जुनी डिझेल फोर-व्हील-ड्राइव्ह जीप तापली की बंद पडते, गार झाली की चालू होते. आज मेकॅनिक रहीमभाईंनी इंजिनाच्या ईसीयूवर, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्यावर, ओला फडका ठेवला, तशी लगेच सुरू झाली.

"दोष या डब्यातच हाय. आता फडका काढून चालवा, खात्री करू."

सिद्धेश्वर धरणाच्या उतारावर खात्री झाली. इंजिन बंद, स्टेअरिंग जड, ब्रेक दगडासारखा. रहीमभाई "या अल्लाह" म्हणत हँडब्रेकला लटकले. पाण्याच्या अलीकडं गाडी कठड्याला घासत थांबली.

याच उतारानं मी रोज तांड्यातली लेकरं शाळेत नेतो. गाडी बंद पडली की ती टाळ्या वाजवतात, "झोपली, झोपली!" कालपर्यंत मीही हसत होतो.

उद्या सकाळी ती दप्तरं घेऊन उभी राहतील. काय सांगू त्यांना?