दोनशे पावलं कामिनी

डोळ्यांच्या त्या इस्पितळात वहिनीला वहिनी म्हणत नाही असं माणूस नव्हतं. मोठ्या डॉक्टरांपासून जिने पुसणाऱ्या बाईपर्यंत सगळ्यांची ती वहिनी, कारण तिचा नवरा सगळ्यांचा भाऊ. भाऊ इस्पितळाचा माळी. फाटकापासून पायऱ्यांपर्यंत, रस्त्याच्या दोन्ही अंगांना, दोनशे पावलं लांब कामिनीच्या झुडपांचं कुंपण होतं. कमरेएवढं, बाराही महिने हिरवंगार. आणि वर्षातून एकदा, इस्पितळाच्या वर्धापनदिनाला, ते अचूक फुलायचं. असा घमघमाट सुटायचा की वरच्या मजल्यावरचे पेशंट डोळ्यांवरच्या पट्ट्यांसकट खिडकीशी यायचे. अधीक्षकसाहेब पाहुण्यांना सांगायचे, "हा आमच्या संस्थापकांचा आशीर्वाद." पाहुणे माना डोलवायचे आणि भाऊ पुढे होऊन लाजल्यासारखं हसायचा.

आशीर्वाद कसला डोंबलाचा! सगळी करामत वहिनीची होती.

अकरा वर्षांपूर्वी पंपाची मोटर उचलताना भाऊची पाठ जी गेली ती गेलीच. तेव्हापासून तो सकाळी हजेरीपटावर सही करायचा आणि पंपघराच्या सावलीत बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांची चेष्टा करायचा. कात्री वहिनीच्या हातात. खालून रुंद, वर निमुळतं असं कुंपण कापायचं, म्हणजे बुडाशी ऊन पोचतं आणि खालची पानं झडत नाहीत, हे तिचं तिनेच शोधलं. फुलांची गोष्टही तशीच. पहिल्याच वर्षी पंप जळाला आणि दुरुस्तीला तीन आठवडे गेले. कामिनीची पानं माना टाकून बसली. पंप चालू झाल्यावर तिने मोप पाणी दिलं, तर अकराव्या-बाराव्या दिवशी कुंपण पांढरंफेक. बाकीच्यांनी नवल केलं आणि विसरले. तिने मात्र पंपघराच्या भिंतीवर खडूने दिवस मांडले आणि पुढच्या वर्षी मुद्दाम पाणी तोडून बघितलं. झाडाला ताण द्यायचा, पण किती द्यायचा याला मोजमाप आहे. संध्याकाळी पान मलूल दिसलं तर खुशाल दिसू दे. पहाटेही मलूलच असेल, तर त्या दिवशी पाणी सोडायचं. एक दिवस आधी नाही, एक दिवस नंतर नाही.

ऑफिसला हे ठाऊक नव्हतं असं नाही. कात्री कुणाच्या हातात आहे ते हेडक्लार्कच्या खिडकीतून रोज दिसत होतं. पण काम होतंय, सही होतेय, मग कोण कशाला विचारतो? सगळ्यांनी सोयीस्कर कानाडोळा केला. वहिनीनेही केला, कारण भाऊ तिला आवडायचा. आळशी होता, बोलघेवडा होता, तिच्या कामाची शाबासकी घेताना जराही अडखळायचा नाही, पण दिवसातून चार वेळा तिला हसवायचा.

थंडी सरता सरता भाऊ गेला. पंधरा दिवसांनी हेडक्लार्कने तिला बोलावलं. माणूस वाईट नव्हता, खुर्ची वगैरे दिली.

"वहिनी, जागा तर भरायला हवी. तुमच्या दिरांचा अर्ज द्या. म्हणजे पंपघरामागच्या तुमच्या राहत्या खोल्या सुटणार नाहीत. आणि काम काय, तुम्ही बघताच."

"म्हणजे राबायचं मी आणि नाव भावजींचं?"

"आजवर काय वेगळं होतं?"

त्याने हे अगदी मायेने विचारलं, म्हणून ते जास्त झोंबलं.

"आजवर नवरा होता," वहिनी म्हणाली. "त्याचं ओझं मी माझ्या खुशीने उचललं. आता दुसऱ्या कुणाचं उचलणार नाही. अर्ज माझा लिहून घ्या."

"माळ्याच्या जागेवर बाई?"

"अकरा वर्षं बाईच आहे. तुमच्या खिडकीची काच पुसून घ्या."

प्रकरण साहेबांपर्यंत गेलं. साहेबांनी अनुभवाचा दाखला मागितला. दाखला कुठून आणायचा? तिचा सगळा अनुभव भाऊच्या सह्यांखाली जमा झालेला. "कागदावर तुम्ही इथे एक दिवसही काम केलेलं नाही," साहेब म्हणाले, आणि ते खरंच होतं.

"मग वर्धापनदिनाची फुलं कोण आणणार?"

"ती संस्थापकांच्या आशीर्वादाने येतात, वहिनी."

"मग आशीर्वादालाच घ्या हजेरीपटावर," असं म्हणून ती उठली.

जागा दिराला मिळाली. दीर म्हणजे, ज्याच्या हातून कोरफडसुद्धा मेली होती असा गृहस्थ. जोड्यांच्या दुकानातली नोकरी सुटल्यापासून घरीच होता. सासूबाईंनी सुनेची पुष्कळ मनधरणी केली. "अगं, कागदावरच्या नावाने का पोट भरतं?"

"नाही ना भरत? मग भावजींना तरी ते कशाला हवं?"

 वहिनीने कात्री, पहार, झारी सगळं दिरासमोर नेऊन ठेवलं आणि दुसऱ्या दिवसापासून दोन गल्ल्या पलीकडच्या रोपवाटिकेत मातीच्या पिशव्या भरायला जाऊ लागली. पंपघरामागच्या त्याच दोन खोल्यांत तिघं राहत होती, पण कामिनीला तिने बोट लावलं नाही. हे बोलायला सोपं आहे. रोज येता-जाता ते कुंपण दिसायचं आणि तिचा जीव तुटायचा.

दीर कामचुकार नव्हता, हेच तर दुर्दैव. सकाळ-संध्याकाळ मन लावून पाणी घालायचा. कोवळा शेंडा दिसला की छाटायचा. कुंपण वरून रुंद होत चाललं, बुडाशी काटक्या दिसायला लागल्या, पण पानं अशी तुकतुकीत की साहेब खूश. एका संध्याकाळी दीर कौतुकाने म्हणाला, "वहिनी, बघा तरी कशी टवटवीत आहे!"

वहिनीने बघितलं. पोटभर पाणी मिळालेलं झाड फुलाची कशाला फिकीर करतंय? पण ती काही बोलली नाही. तोंडापर्यंत आलेलं गिळताना तिला स्वतःचाच राग आला, आणि दुसऱ्या क्षणी वाटलं, का म्हणून सांगू? फुकट द्यायचं ते अकरा वर्षं देऊन झालं.

वर्धापनदिन आठवड्यावर आला तरी कळीचा पत्ता नाही. दिराच्या तोंडचं पाणी पळालं. जेवताना त्याने खालच्या आवाजात विचारलं, "वहिनी, कळी केव्हा धरते हो?"

"ज्याच्या नावावर आहे त्याने सांगावं."

"असं काय करता? खोली माझ्या नावावर आहे म्हणून आपण सगळे इथे आहोत."

हे त्याने म्हणायला नको होतं. सासूबाईंनीही मान खाली घातली. वहिनी ताट घेऊन उठली आणि म्हणाली, "खोली तुमची, कुंपण तुमचं, फुलंही तुमचीच. आणा."

आणि त्यांनी आणली की! बाजारातून टोपल्या भरभरून पांढरी फुलं आली. वर्धापनदिनाच्या पहाटेपासून दीर, दोन वॉर्डबॉय आणि शिपाई एकेक फूल कामिनीच्या फांदीला बांधत बसले. बांधायला काय, तर ऑपरेशन थिएटरमधला टाके घालायचा काळा दोरा. दिसायला बारीक आणि तुटत नाही, म्हणून तो निवडला. वास हवा म्हणून वर अत्तराचा फवारा. डोळ्यांच्या इस्पितळात बसून या लोकांनी सगळ्या जगाला आंधळं ठरवलं होतं.

दहा वाजता पाहुणे आले. सर्वांत पुढे संस्थापकांची बहीण. वय ऐंशीच्या पुढे, सगळे तिला आत्याबाई म्हणायचे. ऊन चढलं होतं आणि फुलं सुतकी चेहरे करून लोंबत होती. आत्याबाईंनी वाकून एक फूल ओढलं. फुलाबरोबर दोरा आला, दोऱ्याबरोबर डहाळी आली.

"हे काय?"

साहेब म्हणाले, "यंदा हवामान जरा..."

"हवामानाने गाठी मारल्या? गेल्या वर्षी माझे दोन्ही डोळे तुम्हीच दुरुस्त केलेत ना? मग दोरा दिसणारच की मला."

मागचे पेशंट खो खो हसले. साहेबांनी दिराकडे बघितलं. घामाघूम झालेल्या दिराने इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि जन्मात पहिल्यांदा एक सरळ काम केलं. पंपघराशी उभ्या असलेल्या वहिनीकडे बोट दाखवून म्हणाला, "मला यातलं काही येत नाही. तिला येतं."

"तुला येतं?" आत्याबाईंनी विचारलं.

"येतं. अकरा वर्षं मीच फुलवत होते."

"मग यंदा काय झालं?"

"यंदा मी इथे नोकरीला नाही."

"आणि आधी होतीस?"

"तेव्हाही नव्हते."

 आत्याबाई म्हणजे काही न्यायाधीश नव्हत्या. त्यांनी चहा घेतला, भाषण ऐकलं आणि जाताना एवढंच म्हणाल्या, "दोन महिन्यांनी नव्या थिएटरच्या उद्घाटनाला येईन. दोरा नको."

त्यानंतर साहेबांनी वहिनीला निरोपावर निरोप धाडले. शेवटी ती गेली. साहेब गोड बोलत होते. रोजंदारीवर या, फुलं येऊ द्या, मग कायमचं बघू.

"आधी हजेरीपटावर नाव," वहिनी म्हणाली. "मग फुलं."

"तुम्ही इस्पितळाची अडवणूक करताय."

"करतेय. पाणी तोडायचा शेवटचा दिवस येता सोमवार. मंगळवारी बोलावलंत तर मलासुद्धा काही करता येणार नाही."

हे बोलून ती बाहेर आली खरी, पण जिना उतरताना मनात दुसराच हिशेब सुरू झाला. साहेब हटून बसले तर? खोल्याही जातील आणि कुंपणही. नवं थिएटर झाल्यावर ते उपटून गाड्या लावायला जागा करायची, असं तिने शिपायाकडून ऐकलं होतं. शनिवार गेला, रविवार गेला. सोमवारी ती रोपवाटिकेत पिशव्या भरत राहिली आणि फाटकाकडे बघायचं नाही असं स्वतःला दर पाच मिनिटांनी बजावत राहिली. चार वाजता हेडक्लार्क स्वतः सायकल हाणत आला. तिने मातीचे हात पुसले, पत्र दोनदा वाचलं. दिराला फाटकावर नेमलं होतं. माळ्याच्या जागेवर तिचं नाव होतं, वहिनी म्हणून नाही, तिचं स्वतःचं पूर्ण नाव. ती तशीच इस्पितळात गेली, पंपघरातला मोठा व्हॉल्व्ह बंद केला आणि त्याचं चाक काढून पिशवीत टाकलं.

पंधराव्या दिवशी पानं वळायला लागली. साहेब धावत आले. "अहो, झुडपं मरताहेत! आत्ताच्या आत्ता पाणी सोडा."

"तहानलीत. मरत नाहीत."

"मी सांगतोय!"

"साहेब, माळी कोण आहे?"

साहेब पाय आपटत गेले. पण भीती तिलाही वाटत होती. दिराने दोन महिने लाडावलेलं झाड, मुळं वरवर आलेली, कितपत सोसेल याचा भरवसा तिलाही नव्हता. रोज पहाटे उठून ती कुंपणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पानं चाचपत जायची. एकोणिसाव्या पहाटे पान गार लागलं, पण उभं राहिलं नाही. आधीच्या वर्षांत हा ताण बावीस दिवस चालायचा. तिने जुना हिशेब बाजूला ठेवला, चाक बसवलं आणि दोनशे पावलांची माती भिजेपर्यंत पाणी सोडलं. मग आठ दिवस काहीच नाही. नवव्या दिवशी, नेहमीपेक्षा तीन दिवस उशिरा, पानांच्या बगलेत मिरीच्या दाण्याएवढ्या कळ्या लागल्या. ती तिथेच मातीत बसली आणि मनसोक्त रडली. भाऊ असता तर काहीतरी अचरट बोलला असता, म्हणून आणखी रडली.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी ती हेडक्लार्कसमोर उभी राहिली. "उद्याची रजा हवी."

"उद्या? अहो, उद्या उद्घाटन! साहेब तुम्हाला आत्याबाईंसमोर उभं करणार आहेत."

"रजा आहे ना माझ्या नावावर?"

"आहे, पण कारण काय लिहू?"

"अंगात ताप असताना पाच दिवस कात्री चालवली होती मी. घरी बसले असते तर गैरहजेरी भाऊची लागली असती. माझी कधी लागलीच नाही. लिहा काय लिहायचं ते."

हेडक्लार्कने अर्ज ठेवून घेतला.

दुसऱ्या दिवशी कामिनी अशी फुलली की पान दिसेना. वहिनी नीटनेटके कपडे करून आली आणि रस्त्याकडेच्या बाकावर, एका डोळ्याला पट्टी बांधलेल्या म्हाताऱ्या पेशंटशेजारी बसली. हात मांडीवर, मोकळे. दोनशे पावलांचा वास तिने अकरा वर्षांत कधी असा बसून घेतला नव्हता. पायऱ्यांपाशी साहेब पाहुण्यांना काहीबाही सांगत होते, आणि आत्याबाई त्यांचं न ऐकता इकडेतिकडे बघत होत्या. थोड्या वेळाने दीर फाटक सोडून पळत आला.

"वहिनी, चला लवकर! माळी कुठे आहे म्हणून आत्याबाई विचारताहेत. साहेब बोलावताहेत."

"भावजी," वहिनी बाकावर आणखी ऐसपैस बसत म्हणाली, "साहेबांना म्हणावं, हजेरीपट उघडून बघा. मी आज गैरहजर आहे."