अक्काची शाल
नव्या शालीच्या घडीचा कोरा वास आला की मला तंजावूरची, राजवाड्यामागची आमची गल्ली आठवते. तेव्हा घरोघरी केबल टीव्ही येत होता, पण नळाला पाणी नव्हतं. आमची मराठी घरं, तमिळ घरं आणि टोकाची मुसलमानांची घरं, सगळ्यांच्या सह्या एका अर्जावर आणल्या त्या टोकाच्या घरात शिवणकाम करणाऱ्या अक्कानं. नगरपालिकेत वर्षभर खेटे घालून तिनं पाणी आणलं, तशी गल्लीनं तिच्या सत्काराची सभा ठेवली. आमच्या घरात कॉलेज झालेला मी पहिला, म्हणून भाषण माझ्याकडं. दोन पानं वाचून मी अक्काला वर बोलावलं. अध्यक्ष अण्णा शाल उलगडून पुढं झाले आणि थबकले. आमच्याकडं परक्या बाईच्या अंगावर पुरुष शाल घालत नाही, आणि मंचावर तर आम्ही सगळे पुरुषच! “हातात देऊन टाका, अण्णा,” कुणीतरी कुजबुजलं. लोक हसले. अक्का ओशाळून पायरी उतरायला लागली. तोच माझी आई पदर खोचून वर आली. “द्या ती इकडं!” तिनं शाल अक्काच्या खांद्यांवर नीट पसरली आणि अण्णांकडं वळली. “साहेबांशी भांडायला हिला एकटीला पुढं केलंत, तेव्हा नाही संकोच वाटला?” अण्णांनीच पहिली टाळी वाजवली. भाषण मी वाचलं, पण सत्कार केला तो अंगठा उठवणाऱ्या माझ्या आईनं, हे मी आजही छाती पुढं काढून सांगतो.